दसूकीच्या लेकीची अठ्ठेचाळीस चित्रं

इन्शिराहचा चेंडू खाली यायलाच तयार नव्हता.

म्हणजे यायचा, पण असा की वरून कुणीतरी त्याला दोऱ्याने अलगद सोडतंय. जमिनीला टेकायचा, थोडा विचार करायचा आणि मग सावकाश वर निघायचा. आम्ही वर्गात चोवीस जण होतो. पहिल्या सत्राचा पहिलाच अभ्यास, उड्या मारणारा चेंडू. चोवीस चेंडू एकामागून एक पडद्यावर आपटले. कुणाचा दगडासारखा, कुणाचा पिकल्या टोमॅटोसारखा, वनीसचा तर दुसऱ्या उडीतच चौकटीबाहेर पळाला. पण आपटले. इन्शिराहचा आला आणि खोली गप्प झाली.

"हा चेंडू आहे?" डॉक्टर मुफीदांनी विचारलं. त्या आम्हाला अ‍ॅनिमेशन शिकवत. बारीक चणीची बाई, पण आवाज असा की मागच्या बाकावरचा माणूस सरळ बसायचा.

"हो डॉक्टर."

"मला वाटलं, चेंडूचा आत्मा आहे."

सगळे हसले. इन्शिराहही हसली, कारण ती कशालाही आधी हसते आणि नंतर विचार करते. गोल चेहरा, कानामागे नेहमी एक पेन्सिल, आणि आजीवरून ठेवलेलं जुन्या वळणाचं नाव. आमच्या समुद्रकाठच्या शहरातल्या कर्मूझ वस्तीत, तिच्या गल्लीत मात्र तिला नावाने कुणी हाक मारत नाही. विद्यापीठात जाते म्हटल्यावर ती सगळ्यांची "इंजिनिअरबाई". ती चेंडू काढते हे ठाऊक असूनही.

खरी गंमत अशी, की आमच्यात सगळ्यात चांगलं चित्र तीच काढायची. तिने काढलेल्या चेंडूवर शिवण दिसायची, शिवणीतली धूळ दिसायची. डॉक्टर एकदा तिचे कागद उन्हात धरून म्हणाल्या, "तुझं प्रत्येक चित्र भिंतीवर लावावं असं आहे, इन्शिराह. पण मला भिंत नकोय. मला पुढचं चित्र हवंय."

आणि जानेवारी लांब नव्हता. जानेवारीत परीक्षण होतं. चोवीसपैकी बारा जण अ‍ॅनिमेशनमध्ये राहणार, उरलेल्या बारा जणांना पोस्टर विभागात पाठवणार. पोस्टर विभाग काही वाईट नाही, तिथे पंखेसुद्धा चालतात. पण इन्शिराहला तिथे जायचं नव्हतं. ती इस्त्रीवाल्याची मुलगी. लहानपणी बापाच्या दुकानात तारेवर पायघोळ गलाबिया टांगलेल्या असायच्या. दार उघडलं की वारा शिरायचा आणि त्या आत माणूस नसताना चालायला लागायच्या. "तेवढंच मला कागदावर आणायचंय," ती मला ट्राममध्ये म्हणाली होती. "बाकी काही आलं नाही तरी चालेल."

दुसरा अभ्यास अर्ध्या भरलेल्या मैद्याच्या पोत्याचा. पोतं उडी मारतं, पडतं, कूस बदलतं. इन्शिराहने पोत्याचा एकेक धागा काढला. वनीस तिच्या खांद्यावरून डोकावला.

"अगं, हे पोतं आहे की नवरी? पडायला लाजतंय बघ."

"तुझ्या पोत्याला आधी खालची बाजू काढ, मग बोल."

"माझं पोतं गरीब आहे, पण पडतं!"

डॉक्टर मुफीदा येऊन उभ्या राहिल्या. हात पुढे केला. "दे."

"काय डॉक्टर?"

"खोडरबर."

इन्शिराहने खोडरबर दिलं. डॉक्टरांनी ते आपल्या पर्समध्ये टाकलं, खट्कन बंद केली आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. इन्शिराहचं तोंड असं झालं, जणू कुणी तिची चप्पल पळवलीय.

तीन दिवस ती रडकुंडीला आलेली होती. चौथ्या दिवशी चिडली, आणि चिडल्यावर तिचा हात वेगाने चालायला लागला. आता धूळ नाही, शिवण नाही, धागे नाहीत. एक गोल, पुढचा कागद, आणखी एक गोल. पूर्वी एका चित्राला अर्धा तास लागायचा, आता ती चहा गार व्हायच्या आत दहा काढायची.

डिसेंबरातल्या एका दुपारी ती जुन्या चेंडूचे कागद घेऊन बसली. वर असताना चेंडू रेंगाळतो, म्हणून तिथे चित्रं जवळजवळ. खाली येताना धावतो, म्हणून तिथे लांबलांब. हे डॉक्टर पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. इन्शिराहच्या वहीत ते सुंदर अक्षरात लिहिलेलंही होतं, खाली लाल रेघ मारून. पण हाताला ते त्या दुपारी कळलं. खाली येणाऱ्या चेंडूची तीन चित्रं तिने गठ्ठ्यातून ओढून बाजूला ठेवली. तिची सगळ्यात सुंदर तीन चित्रं. उरलेली कॅमेऱ्याखाली लावली आणि आम्हाला बोलावलं.

चेंडू पडला. पडद्याला आवाज नव्हता, तरी आम्हा सगळ्यांना ठप्प ऐकू आलं.

"शरबत वाटा रे!" वनीस बाकावर चढला. "पोरीचा चेंडू पडला!"

इन्शिराहने तो चेंडू सतरा वेळा पाहिला. मग मला म्हणाली, "बघ ना, किती कुरूप आहे," आणि अशा कौतुकाने म्हणाली की जणू स्वतःच्या बाळाबद्दल बोलतेय.

परीक्षणासाठी डॉक्टरांनी एकच काम दिलं. ओळखीचा एक माणूस, त्याचं रोजचं काम, चार सेकंद. चार सेकंद म्हणजे अठ्ठेचाळीस चित्रं. वनीसने आपल्या चुलत्याला निवडलं, तो मासे साफ करतो. मी आमच्या इमारतीचा दरवान निवडला, कारण तो फारसा हलत नाही. इन्शिराह म्हणाली, "माझे बाबा. दुसरं कोण?"

तिचे बाबा, उस्ता दसूकी (मुरलेल्या कारागिराला आमच्याकडे उस्ता म्हणतात), पायाने इस्त्री करतात. लोखंडाचा जाड ठोकळा, त्याला लांब दांडा, वर लाकडाची पट्टी. दांडा हातात धरायचा, पट्टीवर एक पाय ठेवायचा आणि बुटक्या फळीवर पसरलेल्या कापडावरून तो ठोकळा फिरवायचा. आमच्या भागात अशी इस्त्री करणारे ते एकटेच. लोकरी गलाबिया असली की माणसं तीन रस्ते ओलांडून त्यांच्याकडे येतात.

पण दुकानाची खरी ख्याती पाण्याची आहे. कापड ओलं करायला उस्ता तोंडात पाणी भरतात, गाल फुगवतात आणि फूऽऽस! धुक्यासारखा बारीक फवारा, एक थेंब मोठा पडणार नाही. गाल फुगलेले असतात तोवर त्यांना बोलता येत नाही. एरवी त्यांच्यापुढे दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही. म्हणून अख्खी गल्ली त्या दोन-तीन क्षणांवर टपून असते. ज्याला जे मागायचं ते तो गाल फुगल्यावर मागतो. उस्तांनी फवारा मारला तर मंजूर. पाणी गिळलं तर नामंजूर. हा कायदा कुणी केला, ठाऊक नाही, पण उस्तासुद्धा तो मोडत नाहीत.

हाग्गा नफूसा, हज करून आलेली म्हातारी, या कामात सगळ्यात तयार. समोरच भाजी विकते, नजर सतत दुकानावर. गाल फुगले की रस्त्यापलीकडूनच ओरडते, "दसूकी! तिन्ही गलाबिया परवापर्यंत, आणि बाह्यांची घडी अशी की बोट कापलं पाहिजे!" उस्तांची डावी भुवई वर जाते. मग दुसरी. मग फूऽऽस. "मंजूर!" म्हणून नफूसा पुन्हा कांद्यांकडे वळते. उस्ता तोंड पुसून काही बोलायच्या आत ती बहिरी झालेली असते.

इन्शिराहने ही युक्ती कधी वापरली नव्हती. "मी मुलगी आहे त्यांची, गिऱ्हाईक नाही," म्हणायची.

ती चित्रं काढायला दुकानात बसली त्या दिवशी मी बरोबर होते. उस्ता आतून आले आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. लग्नाला घालायचा सदरा. मिशी पाणी लावून विंचरलेली. आणि हातात कुंड्यांना पाणी मारायची गुलाबी प्लास्टिकची बाटली.

"बाबा, ही काय?"

"स्वच्छता."

"तुम्ही कधी वापरलीत ही?"

"आजपासून."

"अहो बाबा, पण तोंडाने..."

"तोंडाने काय? तोंडाने काही नाही." त्यांनी बाटली दाबली, पाणी स्वतःच्याच सदऱ्यावर उडालं. "शिकल्यासवरल्या लोकांत दाखवणार तू हे. म्हणतील, दसूकी लोकांच्या कपड्यांवर थुंकतो. चाळीस वर्षं मी कुणाला हसू दिलेलं नाही पोरी. तिथे मोठ्या पडद्यावर हसं करू नकोस माझं."

इन्शिराहने कागद पुढ्यात ओढला. उस्तांनी पोट आत घेतलं, हनुवटी वर केली, पाय इस्त्रीवर ठेवला आणि पुतळ्यासारखे उभे राहिले. तिने कागदाकडे पाहिलं की ते माणसात यायचे. मान वर केली की पुन्हा पुतळा. चार दिवस असंच. तिने जे दिसलं ते काढलं.

डॉक्टर मुफीदांनी पडद्यावर ते दोनदा पाहिलं.

"हा माणूस काय करतोय?"

"इस्त्री करतोय, डॉक्टर."

"नाही. हा फोटो काढून घेतोय. आणि ही बाटली? त्याचा हात तिला ओळखतसुद्धा नाही." डॉक्टर तिच्याकडे वळल्या. "तू मला खोटं सांगतेयस, की हा माणूस तुला?"

"डॉक्टर, हे माझे बाबा आहेत."

"मग ते तुला सांगतायत," डॉक्टर जरा मवाळ आवाजात म्हणाल्या. "दहा दिवस आहेत. पाय तरंगतोय, इस्त्री तरंगतेय, माणूस कुठून सुरू होतो तेच कळत नाही. हे असंच आलं तर मी तुला त्या बारा जणांत घेऊ शकणार नाही."

ट्राममध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. "मला माहितीय कुठून सुरू होतं ते," एवढंच म्हणाली. मलाही माहीत होतं. अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

आधी तिने पायाचा प्रश्न धरला. "बाबा, मी चालवून बघू?"

"ती इस्त्री तुझ्याहून जेमतेम हलकी आहे. आणि तापलेली."

"थंड असताना."

थंड इस्त्री, जुनी चादर. इन्शिराहने पाय ठेवला आणि सगळा जोर लावून ढकललं. इस्त्री होती तिथेच राहिली. इन्शिराह मागे गेली आणि नफूसाच्या नातवांच्या चड्ड्यांच्या ढिगात बसली. उस्ता इतके हसले की त्यांना भिंत धरावी लागली.

"अगं, तो पाय ढकलत नाही! तो नुसती वाट दाखवतो. ढकलतो तो हा, उभा राहिलेला. आणि ही." त्यांनी कमरेवर थाप मारली. "आधी मागे जायचं, मग पुढे. बैल बघितलायस ना गाडी ओढताना?"

दुसऱ्या दिवशी ती लंगडत वर्गात आली आणि न बसता, उभ्याने, टेबलावर वाकून काढत राहिली. मधेच पेन्सिल ठेवायची, कंबर मागे न्यायची, पाय पुढे टाकायची, पुन्हा पेन्सिल उचलायची. वनीस म्हणाला, "हिला काय चावलं?" तिने ऐकलंच नाही. संध्याकाळी पडद्यावरच्या माणसाचा पाय खरंच जमिनीला लागला होता. डॉक्टर जाता जाता थांबल्या. "हं," म्हणाल्या. "आता सुरुवात."

आणि सुरुवात तर बापाच्या तोंडात होती.

आठ दिवस उरले असताना जानेवारीचं वादळ आलं. समुद्र रस्त्यावर, पाऊस आडवा, दोऱ्यांवर काही वाळेना. असल्या दिवसांत गल्लीतले सगळे ओलसर कपडे उस्तांकडे येतात. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. नफूसा आत, तिच्या भाजीच्या टोपल्या आत, सात-आठ गिऱ्हाइकं आणि कोपऱ्यात आम्ही दोघी. असल्या गर्दीत उस्तांना बाटलीबिटलीची आठवण कुठली? त्यांनी तांब्या उचलला, तोंडात पाणी घेतलं. गाल फुगले.

नफूसाने तोंड उघडलं. पण तिच्याआधी इन्शिराह बोलली.

"बाबा, मी हे काढणार."

उस्तांनी मान वळवली.

"हेच. गाल, पाणी, फवारा. त्याशिवाय तुम्ही तुम्ही दिसतच नाही. बाटलीवाला माणूस मी ओळखत नाही बाबा, कुणी परका उभा आहे असं वाटतं. हे नाही काढलं तर माझं अ‍ॅनिमेशन संपलं. आणि काढलं तर ते हसतील, कदाचित. मला माहितीय. तरी मला काढायचंय."

एरवी गिऱ्हाईक एक वाक्य बोलतं. ही आठ-नऊ बोलली. उस्तांचा चेहरा लाल व्हायला लागला. डावी भुवई वर गेली. थांबली. खाली आली. बाहेर कुणाचा तरी पत्रा उडाला, कुणी वळून पाहिलं नाही.

"दसूकी," नफूसा म्हणाली, "फवार नाहीतर गीळ, पण मरू नकोस!"

त्यांचा गळा हलला. मला वाटलं, गिळलं. इन्शिराहलाही वाटलं असावं, तिने मान खाली घातली.

फूऽऽस.

फवारा गलाबियावर पसरला आणि त्याच झोकात पाय इस्त्रीवर पडला, कंबर मागे गेली, लोखंड पुढे निघालं. "मंजूर!" नफूसा ओरडली आणि सगळं दुकान ओरडलं. उस्तांनी बाहीने तोंड पुसलं. मुलीकडे न बघता म्हणाले, "पण कापडावर सुरकुती दिसता कामा नये. एकही. सांगून ठेवतो."

"नाही दिसणार, बाबा."

"आणि नाक एवढं मोठं काढत जाऊ नकोस."

त्यानंतरच्या आठ दिवसांत तिने अठ्ठेचाळीस चित्रं तीनदा काढली. फक्त गाल फुगायलाच अकरा घेतली. "अकरा?" मी म्हटलं. "काही हलतच नाहीये तिथे." ती म्हणाली, "हलतंय की. ते ऐकतायत."

परीक्षणाला तीन परीक्षक, मधे डॉक्टर मुफीदा. आम्ही भिंतीला टेकून उभे. वनीसचा चुलता मासा साफ करता करता स्वतःच मासा झाला होता, माझा दरवान झोपला तो उठलाच नाही. इन्शिराह अठरावी. दिवे मालवले.

पडद्यावर एक जाडसर माणूस. तांब्या तोंडाला लागतो. गाल फुगतात. मग तो थांबतो, आणि आपल्याला दिसत नसलेलं कुणीतरी त्याला काहीतरी सांगतंय. एक भुवई हळूच वर चढते. खोलीत हशा फुटला. मी इन्शिराहकडे पाहिलं, तिने डोळे मिटून घेतले होते. फवारा. पाय. माणूस मागे रेलतो आणि इस्त्री पुढे जाते. संपलं.

"पुन्हा लावा," डॉक्टर म्हणाल्या. पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच हशा. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा दुसरे परीक्षक खुर्ची पुढे ओढून बसले.

"इस्त्री अजून तरंगतेय," डॉक्टर मुफीदा म्हणाल्या. "शेवटची सहा चित्रं बघ. लोखंड आहे ते, होडी नाही."

"हो डॉक्टर."

"सुरकुती एकही नाही. का? इस्त्री व्हायच्या आधी तरी असायला हवी."

"ती... अट होती, डॉक्टर."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, अट कुणाची ते विचारलं नाही, कागदावर काहीतरी लिहिलं. "माणूस मात्र जमिनीवर उभा आहे," म्हणाल्या. "पुढचा."

दोन दिवसांनी यादी लागली. हाताने लिहिलेली बारा नावं. अकरावं इन्शिराहचं. बारावं माझं, कसं ते अजून कळलेलं नाही. वनीसचं नव्हतं. त्याने यादी वरून खाली आणि खालून वर वाचली, मग म्हणाला, "बरं झालं. पोस्टरं हलत नाहीत, मीही हलणार नाही." आणि इन्शिराहच्या पाठीत धपाटा घालून आम्हाला कलेजीचे सँडविच खायला घेऊन गेला. खाताना फारसा बोलला नाही.

दुकानात आम्ही पोचलो तेव्हा उस्ता एका काळ्या गलाबियावर काम करत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "आहेस?"

"आहे बाबा. अकरावी."

"हं." इस्त्री एकदा गेली, एकदा आली. त्यांची मान मात्र दोनदा हलली, तीनदा हलली, आणि मिशीखाली काहीतरी चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, "सगळ्यांनी पाहिलं?"

"सगळ्यांनी. तीन वेळा."

"हसले?"

तिला खोटं बोलता आलं असतं. मी तिथे होते, मीही खोटं बोलले असते.

"हसले, बाबा."

उस्तांनी इस्त्रीवरून पाय काढला. दांडा भिंतीला टेकवला. "कुठे?"

"कुठे म्हणजे?"

"कुठल्या जागी हसले? फवाऱ्याला?"

"नाही. फवाऱ्याला कुणीच नाही हसलं. फवाऱ्याला तर एक जण 'वा' म्हणाला. भुवई वर गेली ना, तेव्हा हसले. तिन्ही वेळा तिथेच."

ते विचारात पडले. हाताने मिशी चाचपली. "कुठली काढलीस?"

"डावी."

"डावी!" त्यांनी हात झटकला, जणू गलाबियाच जळली. "अगं, उजवी काढायची! डावीला नफूसा हसते, बास. उजवीला सगळी गल्ली हसते. चाळीस वर्षं बघतोय मी."

इन्शिराह त्यांच्याकडे बघत राहिली. मग कानामागची पेन्सिल काढली, चड्ड्यांच्या ढिगावर बसकण मारली आणि गुडघ्यावर कागद ठेवला.

"दाखवा," ती म्हणाली.